खूणगाठ

प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते,
एवढ्यावरून हे काम माझ्या गळ्यात पडलं.
एरवी मी भूगोल शिकवतो.
नकाशावर माशी बसली तरी आपलं बेट झाकलं जातं,
सगळं सेशेल्स झाकलं जातं,
हे पोरांना पहिल्याच तासाला सांगून टाकतो.

पेन ड्राइव्ह राजधानीहून बोटीने आला. सोबत पत्रक :
चाळीस मिनिटं माहितीपट, वीस मिनिटं चर्चा,
शेवटी अर्ज भरून घेणे.
चर्चेत काय विचारायचं तेही छापलेलं,
ठळक अक्षरांत.

शुक्रवार. जेवणाची सुट्टी नुकती संपलेली,
वर्गात तळलेल्या नीरफणसाचा वास.
खिडकीचं कापड आखूड,
म्हणून उन्हाची एक पट्टी चित्राच्या तळाशी चिकटून बसलेली.
पहिली दहा मिनिटं नेहमीचीच.
डॉक्टर, आकडे, पुन्हा डॉक्टर.
टेरान्स पुढच्याच्या मानेवर कागदाचे बोळे मारत होता.
मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मग धक्का आला.
आमचाच, बंदरातला,
निळी क्रेन गंजण्याआधीचा.
पोरं उठून ओरडली, ती बघ, माझ्या मामाची होडी!
धक्क्यावर उलट्या क्रेटवर एक मुलगा.
चेहरा पुसलेला, ओल्या बोटाने पाटीवरचं अक्षर पुसावं तसा.
आवाजही जाड केलेला, विहिरीतून आल्यासारखा :
"पहिल्यांदा घेतली तेव्हा वाटलं,
कुणीतरी घरातला रेडिओ बंद केला.
किती दिवस चालू होता, तेव्हाच कळलं."
मग कॅमेरा खाली, हातांवर.
हात गळ बांधत होते.
दोरा दातात. थुंकी लावून ओढ. नखाने दोन टिचक्या.

मी तेव्हा पडद्याकडे पाहत नव्हतो.
दुसऱ्या बाकावर नादेज
केसांची रिबीन सोडून बोटांवर घेत होती.
रिबीन दातात. ओढ.
नखाने दोन टिचक्या.

यवान.
तीन वर्षं माझ्या वर्गात होता. खिडकीशी बसायचा.
वारे कुठून कुठे वाहतात ते मी त्याला शिकवलं.
आणि मी त्याला ओळखलं नाही.
चेहरा पुसला होता म्हणून, असं म्हणता येईल.
म्हणता येईल.

दिवे लागले. पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.
पत्रकावर प्रश्न पहिला :
या तरुणाची नेमकी चूक कोणती?
मी पत्रक घडी करून हजेरीच्या वहीत सारलं.
पुढे काय बोलायचं ते मलाही माहीत नव्हतं.
हात वर झाला तो नादेजचाच.
"सर, मागे घ्या ना."
कुठवर?
"धक्क्यापर्यंत. पण आवाज नको."

मुक्या धक्क्यावर पुन्हा तो मुलगा, पुन्हा ते हात.
"थांबवा," ती म्हणाली. "इथे. इथे त्याने एक वेढा कमी घेतलाय.
घाईत असला की असंच करतो.
मोठा मासा लागला की सुटते ही गाठ.
बाबा सारखे ओरडायचे त्याला."

कुणी हसलं नाही.
मला वाटलं, आता टेरान्स काहीतरी बोलेल,
आणि तो बोललाच.
बुटाची नाडी काढून पुढे आला : "बरोबर कशी असते?"
मग सगळ्यांनी नाड्या काढल्या.
वीस मिनिटांची चर्चा नाड्यांत गेली.
मध्येच एकाने मान खाली ठेवून विचारलं,
"आता कुठे असतो तो?"
"घरीच. झोपतो खूप.
रोज सकाळी औषधाची गाडी येते, तिथवर चालत जातो.
मी असते बरोबर. शाळेला उशीर होतो तो त्यामुळे."

त्या उशिराचे शेरे माझ्याच अक्षरात होते.
चौदा.

अर्ज कोरेच परत पाठवले.
उपस्थितीच्या रकान्यात सव्वीस लिहिलं,
खोडलं, सत्तावीस केलं.
सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी बोट ठेवून विचारलं,
पट तर सव्वीसचा आहे?
मोजताना चुकलो, म्हणालो.
पुष्कळच चुकलो.